गढीची माती : पुसदच्या मुलखाचं मध्ययुग

मध्ययुग म्हटलं की आपल्याला दौलताबादचा किल्ला आठवतो, बिदरचा मदरसा आठवतो, विजापूरचा गोल घुमट आठवतो. पुसद कुणाला आठवत नाही, खुद्द पुसदकरांनाही नाही. इथे कुणा सुलतानाची राजधानी नव्हती की पाठ्यपुस्तकात जावी अशी लढाई झाली नाही. पूस नदीच्या काठचा एक कसबा, भोवती बालाघाटाच्या टेकड्या, साग-पळसाचं रान आणि मधेमधे काळ्या जमिनीचे पट्टे. इंग्रजांच्या गॅझेटियरात पुसदच्या नोंदीत जुन्या काळाचं म्हणून जे येतं ते हेमाडपंती देवळं आणि एक तलाव. यादवांच्या देवळांपासून इंग्रजांच्या तहसील कचेरीपर्यंत मधली पाचशे वर्षं कुठे गेली?

इंग्लंडमधल्या लहान खेड्यांचे इतिहास वाचताना हा प्रश्न फार टोचतो. तिकडे पन्नास-शंभर उंबऱ्यांच्या गावाचंही मध्ययुग तपशिलात लिहिलेलं सापडतं. १०८६ मध्ये विल्यम राजाने ‘डूम्सडे बुक’ नावाची मोठी नोंदवही करून घेतली. गावात नांगर किती, कुळं किती, गिरणी आहे की नाही, सगळं त्यात आहे. पुढे ‘मॅनर’चे कागद सुरू होतात. मॅनर म्हणजे उमरावाच्या ताब्यातलं गाव. मधे त्याचा वाडा, त्याची खास शेती आणि बाकीची जमीन कुळांकडे. कूळ आठवड्यातले ठरलेले दिवस मालकाच्या शेतात फुकट राबे. परवानगीशिवाय त्याला गाव सोडता येत नसे. मुलीचं लग्न करायचं तर मालकाला पैसे भरावे लागत आणि घरचा कर्ता वारला की गोठ्यातलं सगळ्यांत चांगलं जनावर मालक घेऊन जाई. मॅनरची स्वतःची कचेरी भरे. तिथले तंटे, दंड, जमिनीची अदलाबदल चामड्याच्या गुंडाळ्यांवर लिहिली जाई. १९२० च्या दशकात कायद्याने ती जुनी कुळपद्धत संपवली, पण त्याच कायद्याने हे कागद जपण्याची जबाबदारीही ठरवून दिली. म्हणून सातशे वर्षांपूर्वी कुणाची डुकरं कुणाच्या शेतात घुसली, हेही तिकडे सांगता येतं.

आपल्याकडे मॅनर नव्हता. पण त्याच्या जवळचं काहीतरी होतं आणि त्याचं नाव वऱ्हाडातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो सांगेल: गढी. पांढऱ्या चिकट मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यांना बुरूज, आत देशमुखाचा नाहीतर पाटलाचा वाडा, धान्याची पेवं, विहीर. गावाची वस्ती जिथे वसते ती पांढरी, शेतं पिकतात ती काळी. गढी पांढरीचीच उंच झालेली माती. अंमल बदलत, लुटारू येत, दुष्काळ पडे, तेव्हा लोक जनावरं घेऊन तिच्या आडोशाला जात.

वरचे अंमल पुसदच्या मुलखावरून किती वेळा बदलले ते भराभर सांगतो. यादवांनंतर दिल्लीचे सुलतान आले. १३४७ मध्ये बहामनी राज्य उभं राहिलं आणि त्याच्या चार तरफांपैकी वऱ्हाड ही एक झाली. महमूद गवानाने पंधराव्या शतकाच्या अखेरीकडे मोठ्या तरफा मोडल्या, तेव्हा वऱ्हाडचे दोन तुकडे झाले: गाविलगड आणि माहूर. माहूरवर खुदावंदखान हबशी बसला आणि गाविलगडावर फतहुल्ला इमादुलमुल्क. फरिश्ता सांगतो की हा फतहुल्ला जन्माने विजयनगरकडचा कानडी हिंदू. लहानपणी युद्धात पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला आणि १४९० च्या सुमारास वऱ्हाडची इमादशाही त्याने उभी केली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने इमादशाही गिळली. १५९६ मध्ये चांदबिबीला तहात वऱ्हाड अकबराला द्यावं लागलं. पुढे निजामुलमुल्क आसफजाह, त्याच्या जोडीला नागपूरकर भोसल्यांचा वाटा, म्हणजे एका गावावर दोन सरकारांचा वसूल. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुसद पुढे वाशीम जिल्ह्यात होतं. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला.

ही यादी वाचून कुणाला वाटेल की इथे सतत उलथापालथ होत होती. राजधानीतून पाहिलं तर होतीच. गढीतून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं, आणि ते अबुल फजलने फार चांगलं टिपलंय.

वऱ्हाड मोगलांकडे आलं तेव्हा ‘आईन-ए-अकबरी’चं काम संपत आलं होतं. या नव्या सुभ्याचं प्रकरण त्यात घातलं गेलं. पुसदचा टापू ज्या माहूर सरकारच्या पट्ट्यात येतो, त्याबद्दलही तो लिहितो. डोंगरावरचा भक्कम किल्ला, शेजारी देवीचं ठाणं, इथल्या म्हशी अर्धा मण आणि त्याहून जास्त दूध देतात आणि राणा म्हणवणाऱ्या राजपूत जमीनदाराकडे शंभर घोडेस्वार आणि हजार पायदळ आहे. म्हशींचा उल्लेख मला फार आवडतो. बादशाहाच्या वजिराला माहूरच्या म्हशीची दखल घ्यावीशी वाटली!

पण त्याच प्रकरणातली दुसरी नोंद जास्त मोलाची. अबुल फजल आपल्या उत्तरेकडच्या वाचकाला समजावून सांगतो की या मुलखात चौधरीला देशमुख म्हणतात, कानूनगोला देशपांडे, मुकद्दमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुळकर्णी. म्हणजे मोगल आले तेव्हा हे चौघे आधीच आपापल्या जागी बसलेले होते. त्यांना हटवणं मोगलांना परवडणारं नव्हतं. आधी बहामन्यांनाही नव्हतं, नंतर निजाम-भोसल्यांनाही नाही. शेताची हद्द कुठली, कुणाची पाण्याची पाळी, कुठलं बांधावरचं झाड कुणाचं, हे दिल्लीला माहीत नव्हतं, बिदरलाही नव्हतं. ते देशपांड्याच्या रुमालात होतं. सुलतान बदलला की नवा अंमलदार येई, जुनी सनद पाही, नवा शिक्का उमटवी आणि देशमुखाचा रुसूम पुढे चालू राही.

माहूरच्याच एका घराण्याची गोष्ट यासाठी बघण्यासारखी आहे. उदाराम हा दख्खनी ब्राह्मण सरदार आधी मलिक अंबरच्या चाकरीत होता. जहांगीरच्या काळात तो मोगलांकडे गेला आणि माहूरचा मुलूख त्याच्या घराण्याकडे राहिला. पुढे या घराण्यातली एक बाई, सावित्रीबाई, स्वतः फौज घेऊन मैदानात उतरली आणि ‘रायबाघन’ हा किताब तिला मिळाला. १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखान उझबेकाला कोंडलं, तेव्हा ती मोगलांच्या बाजूने तिथे होती. खानाने शरण जावं हा शहाणपणाचा सल्ला तिनेच दिला, असं परंपरा सांगते. आता हिला कोणत्या खान्यात बसवायचं? ब्राह्मण विधवा, मोगल मनसबीचं घर, समोर मराठा राजा, सेनापती उझबेक. आजच्या वादांचे खाने तिच्या अंगाला बसत नाहीत. तिच्यासाठी खाना एकच होता: माहूरचं वतन.

मग गावातला मुसलमान कुठे होता? मराठी मुसलमानाला शाळेपासून ऐकवलं जातं की मध्ययुगात ‘तुमचं’ राज्य होतं. माहूरवर खुदावंदखान होता हे खरं. पण पुसदच्या आसपासच्या एखाद्या मौजात तेव्हा जो मुसलमान राहत होता, तो खुदावंदखानाचा नातलग नव्हता. तो पिंजारी होता, मोमीन होता, बागवान, आतार, फकीर होता. आणि गावगाड्यात ज्याची ठरलेली जागा होती, तो मुलाणी होता.

मुलाणी हा बलुतेदार. बारा बलुत्यांच्या याद्या गावोगाव थोड्या बदलतात, पण सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांच्या रांगेत मुलाणीही कितीतरी याद्यांत येतो. मशिदीची देखभाल, अजान, मयत-निकाह ही त्याची घरची कामं. पण बलुतं त्याला फक्त मुसलमान घरांकडून मिळत नसे. कुणबी घरात बकरं कापायचं झालं तर मुलाण्याला बोलावणं जाई. तो कलमा म्हणून सुरी फिरवी आणि आपला वाटा घेऊन जाई. नवसाचं बकरं देवीला असलं तरी ही रीत चुकत नसे. खळ्यावर धान्य मोजलं जायचं, तेव्हा सुतार-लोहाराच्या ढिगाशेजारी मुलाण्याचाही ढीग पडे. राज्यकर्ता जमातीचा माणूस कुणब्याच्या खळ्यावर वाट्याची पेंढी घ्यायला उभा राहतो का? मुलाणी उभा राहत होता, कारण तो गावाचा होता.

मुलाणी गावचा आणि काझी परगण्याचा. काझीकडे सनद असे, गुजराणीला इनाम जमीन असे. निकाह लावणं हे त्याचं एक काम. दुसरं काम जास्त रंजक आहे. वतनाचा तंटा उभा राहिला, दोन भाऊ पाटिलकीवरून भांडले, की मजलस बसे. तिच्यात देशमुख, देशपांडे, आजूबाजूच्या गावांचे पाटील, बलुतेदार आणि काझी. साक्षी होत, कधी दिव्य होई, निवाडा लिहिला जाई. त्या कागदाला महजर म्हणतात. महजराच्या माथ्यावर काझीचा फारसी शिक्का आणि खाली मोडीत मजकूर. शेवटी सह्यांच्या जागी पाटलाचा नांगर, सुताराचं हत्यार, कुंभाराचं चाक अशा निशाण्या, कारण लिहिता थोड्यांनाच येई. हिंदू पाटलाच्या हिंदू भावाबरोबरच्या भांडणात काझी बसलाय आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. या कागदांवरचं सालही बघा. शुहूर सन अरबी आकड्यांत लिहिला जाई: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. अरबी न शिकलेला ब्राह्मण कुळकर्णी रोज अरबी आकडे लिहीत होता.

आपल्याकडचं मॅनर-कचेरीचं दप्तर म्हणजे हे महजर.

एवढ्यावरून गावगाडा म्हणजे गोडीगुलाबी होती, असा निष्कर्ष कुणी काढू नये. आपल्या लोकांत ही एक सवय आहे. ‘मिळूनमिसळून राहत होतो’ म्हणायचं आणि पुढचं पान उलटायचं. गढीच्या सावलीत सगळ्यात जास्त राबला तो महार. वेशीची राखण, सरकारी वसूल पोचवणं, मेलेली जनावरं ओढणं, वाटसरूचं ओझं पुढच्या गावापर्यंत नेणं. बदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुतं. महारांच्या परंपरेत सांगितलं जातं की त्यांचे बावन्न हक्क बिदरच्या पादशाहाने दिले. कथा आहे, तिचा अस्सल कागद कुणी दाखवू शकत नाही. पण ज्याला गावात कुणी जवळ करत नव्हतं, त्याने आपल्या हक्काचा आधार गावाबाहेरच्या, लांबच्या पादशाहात शोधला, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि हेही विसरू नये की त्या पादशाहाच्या नंतरच्या कुठल्याही अंमलदाराने वेठ बंद केली नाही. तो मुसलमान असो की मराठा.

इंग्लंडच्या मॅनरपेक्षा वऱ्हाडची गढी एका बाबतीत पार वेगळी होती. तिकडे जमीन मोजकी आणि मालकाची भीती ही की कूळ पळून जाईल. म्हणून त्याला बांधून ठेवलं. इकडे, निदान पुसदसारख्या रानमुलखात, जमीन भरपूर होती आणि नांगर धरणारे हात कमी. पिढीजात मिरासदार होते, पण उपरी कूळ बैलगाडी जुंपून रातोरात शेजारच्या परगण्यात जाऊ शकत होतं. तिथल्या देशमुखालाही माणसं हवीच असत. म्हणून इथे धमकीबरोबर आमिषही होतं. कौल देऊन बोलवायचं, इस्तावा ठरवायचा: पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरवर्षी थोडा वाढवत पाच-सात वर्षांनी पुरा. तगाई द्यायची. वैऱ्याच्या मुलखातून माणसं फोडून आणायची. राज्याची ताकद किती गावं जिंकली यापेक्षा किती गावं वसती आहेत यावर मोजली जाई.

कारण गावं मरत होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनवर दुर्गादेवीचा दुष्काळ पडला. अर्धशतकापूर्वी, १३४८-४९ मध्ये, इंग्लंडात प्लेगने मॅनरच्या मॅनर ओस पडले होते. दुर्गादेवीनंतर बहामन्यांना माणसं पाठवून मुलूख नव्याने वसवावा लागला, हद्दी पुन्हा घालाव्या लागल्या. १६३० मध्ये पुन्हा तेच. १८०३ च्या आडगाव-गाविलगडच्या लढायांनंतर वऱ्हाडात पुन्हा तेच. फारसी दप्तरात अशा गावाला ‘बेचिराग’ लिहीत, जिथे दिवा लागत नाही ते. मराठीने त्याचा ‘बेचिराख’ केला आणि आता आपण तो शब्द जळून राख झालेल्याला वापरतो. राखेचा त्यात संबंध नव्हता, दिव्याचा होता. वऱ्हाडात त्यासाठी आणखी एक शब्द आहे, रीठ. यवतमाळ जिल्ह्याच्या गावांच्या यादीत आजही मौजाच्या नावापुढे ‘रीठ’ दिसतं: शिवार आहे, सातबारा आहे, वस्ती नाही. अशा शिवारात फिरताना कधी पांढरीचा उंचवटा दिसतो, खापरांचे तुकडे दिसतात.

याच रिकाम्या वाटांवरून बंजारे आले. मोगल फौजांना धान्य पुरवणारे त्यांचे बैलांचे तांडे दख्खनभर फिरत. पुढे रेल्वेने तो धंदा संपवला आणि तांडे टेकड्यांच्या कुशीत स्थिर झाले. पुसदजवळच्या गहुलीत १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हे सर्वांना ठाऊक आहे. मोगलांच्या रसदीच्या वाटेशी त्या समाजाचं नातं जोडून फारसं कुणी बघत नाही.

ही सारी व्यवस्था संपली ती इंग्रजांच्या दप्तरात. गंमत अशी की मॅनरच्या देशातून आलेल्या साहेबांनी वर्धा नदीच्या दोन काठांवर दोन वेगळे निकाल दिले. पलीकडे, नागपूर-वर्ध्याकडे, पाटलाला मालगुजार म्हणजे गावाचा मालक केलं. तिथे खरोखरच मॅनरसारखं काहीतरी तयार झालं. अलीकडे, वऱ्हाडात, १८६० च्या दशकात मुंबईच्या पद्धतीची रयतवारी मोजणी लावली. शेत ज्याच्या नावावर त्याच्याशी सरकारचा थेट व्यवहार. पाटील पगारी नोकर झाला, देशमुख-देशपांड्यांचं काम गेलं. पुसदचा कुणबी मालगुजाराच्या तावडीतून सुटला, पण गढीला आता उत्पन्न राहिलं नाही. १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने जहागिरी आणि मालगुजाऱ्या गेल्या. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची पाटिलकी गेली. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कुणाची, हा मान तेवढा अनेक गावांत राहिला आणि त्यावरून डोकी फुटायचीही राहिली.

गढीचं पुढे काय झालं ते आपण सगळे बघतोय. पांढरी माती शेताला चांगली असते. ट्रॅक्टर लावून ती खणली जाते. भिंती तर गेल्याच, पण त्याखालचे थर, खापरं, नाणी, चुली सगळं शेतात पसरलं जातं. मातीबरोबर रुमालही गेले. काही वाळवीने खाल्ले, काही रद्दीत गेले.

मुसलमान घरांसाठी हा केवळ इतिहासाच्या हौशीचा मामला नाही. काझी, खतीब, मुजावर यांच्या इनामांत दोन जाती आहेत आणि त्यांतला फरक आजही कोर्टात लागतो. ‘मदद-ए-माश’ म्हणजे व्यक्तीच्या गुजराणीसाठी दिलेली जमीन. ‘मशरूत-उल-खिदमत’ म्हणजे मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या सेवेच्या अटीवर दिलेली. दुसरी जमीन सेवेची असते, खाणाऱ्याची नसते. १९९५ च्या वक्फ कायद्याने तिला वक्फच्या व्याख्येत नावानिशी घातलं आहे. किती घरांनी सेवेची जमीन खाजगी समजून विकली आणि किती ठिकाणी बाहेरच्यांनी कागद नाही हे पाहून बळकावली, याच्या कहाण्या प्रत्येक तालुक्यात आहेत. दोन्ही प्रकारांत आपले लोक होते, हे मान्य करायला हवं. २०२५ च्या दुरुस्तीने ‘दीर्घ वापरामुळे वक्फ’ ही वाट पुढच्या काळासाठी बंद केली. तेव्हा ‘इथे बापजाद्यांपासून नमाज होते’ एवढं सांगून नव्याने दावा करता येणार नाही.

कागद पूर्ण नष्ट झालेले नाहीत. मोगल काळातले दख्खन सुभ्यांचे लाखाहून अधिक फारसी कागद ‘इनायत जंग संग्रह’ म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. हैदराबादच्या पुराभिलेखागारात आणखी आहेत. वऱ्हाडचे इंग्रजी अमदानीतले दप्तर नागपूरला मिळतं. आणि काही अजून घरातच आहेत: आजीच्या ट्रंकेत, कुराणाच्या जुजदानाच्या घडीत, माळ्यावरच्या डब्यात. वर गोल किंवा चौकोनी काळा शिक्का, त्यात फारसी अक्षरं आणि खाली एका रेघेला टांगल्यासारखी धावती लिपी दिसली, तर ती उर्दू नाही आणि देवनागरीही नाही. ती मोडी आहे. तिचे वर्ग राज्याचं पुराभिलेख खातं वेळोवेळी घेतं. असा कागद आपणहून चिकटपट्टीने जोडू नये, लॅमिनेट तर मुळीच करू नये. दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, शिक्क्याचा वेगळा जवळून घ्यावा. वाचायला मात्र दोन माणसं लागतील, एक शिक्क्याचं फारसी वाचणारा आणि एक खालचं मोडी वाचणारा.